हरवलेली चावी आणि चार हेलपाटे

ओशिवऱ्याला आमचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. एका वेळी पंचवीस-तीस गाड्या उभ्या असतात. चोरीचा बंदोबस्त करायचं ठरल्यावर फाटक, दिवे, कॅमेरे, रात्रीचा वॉचमन ही कामं आठवड्याभरात उरकली. अडलो ते चावीपाशी. एका हॅचबॅकच्या हरवलेल्या चावीसाठी अधिकृत वर्कशॉपला चार हेलपाटे घालावे लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

नवी गाडी घेताना दोन चाव्या मिळतात. तीच गाडी विकायला येते तेव्हा बऱ्याचदा एकच चावी हातात पडते. ‘दुसरी हरवली’ एवढंच उत्तर. ती खरंच हरवली की कुणाच्या कपाटात पडून आहे, हे कळायला मार्ग नसतो. अस्सल चावी घेऊन आलेल्या चोराला काच फोडावी लागत नाही, अलार्म वाजत नाही, आणि वॉचमनलाही तो यार्डातलाच माणूस वाटतो.

यावर उपाय इमोबिलायझरमध्येच आहे. चावीच्या डोक्यात छोटी चिप असते आणि नोंदवलेली चिप ओळखली तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन चालू होऊ देतो. हरवलेल्या चावीची नोंद पुसली, की तिने इंजिन चालू होत नाही. पण वर्कशॉपमध्ये दोन वेगळी कामं एकाच नावाने होतात. एक, नोंदवलेल्या चाव्यांच्या यादीत नवी चावी वाढवणं. दुसरं, यादी पूर्ण पुसून हातातल्या चाव्या नव्याने नोंदवणं. दोन्हींच्या बिलावर ‘की प्रोग्रॅमिंग’ एवढंच येतं.

पहिल्या फेरीत आरसी दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या फेरीला आधीच्या मालकाचं संमतीपत्र नेलं, तर त्याच्या आधारकार्डाची सही केलेली प्रत हवी होती. मालक तोवर नाशिकला राहायला गेलेले. कागद मागणं योग्यच आहे. कुणालाही चावी करून दिली तर उद्या आमचीच गाडी जाईल. पण काय काय लागतं ते पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? तिसऱ्या फेरीला चावी मिळाली. यार्डात आणून आमच्या मेकॅनिकने गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला, तर नोंदलेल्या चाव्या तीन! हातात दोन, आणि हरवलेली अजून चालू. त्यांनी नुसती वाढवली होती. चौथ्या फेरीला आकडा दोनवर आला.

म्हणून आता गाडी विकत घेताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात तेव्हाच वेगळं संमतीपत्र घेतो. त्यात चासी नंबर, इंजिन नंबर, मिळालेल्या चाव्यांची संख्या, आणि ‘हरवलेली चावी इमोबिलायझरमधून काढून नवी नोंदवण्यास संमती’ हे शब्द असतात. सोबत आधारची सही केलेली प्रत आणि चावी हरवल्याची पोलिसांकडची नोंद. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी ताब्यात आल्याचं फॉर्म २९ सी मध्ये आरटीओला कळवावं लागतं, त्याची प्रतही फाइलला लावतो. गाडी आमच्या ताब्यात असल्याचा तोच सरळ पुरावा.

वर्कशॉपला जाताना हातातल्या सगळ्या चाव्या न्या. पुसण्याच्या वेळी जी समोर नसेल तीही बाद होते. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, ‘जुन्या सर्व नोंदी पुसून दोन चाव्या नोंदवणे’ असं लिहून घ्या, आणि निघण्यापूर्वी स्कॅनरवरचा आकडा स्वतः पाहा. काही मॉडेलांत आकडा दिसत नाही. तिथे एक चावी मुद्दाम गाडीपासून लांब ठेवून बाकीच्या नोंदवायला सांगा आणि मग त्या लांबच्या चावीने इंजिन चालू करून बघा. चालू झालं, तर पुसलेलं नाही. एक मात्र लक्षात असू द्या: जुन्या चावीचं पातं कुलपात अजूनही फिरतं. दरवाजा उघडतो, स्टिअरिंग मोकळं होतं, गाडी ढकलत नेता येते. महागड्या गाडीचा लॉकसेटच, म्हणजे सगळी कुलपं, बदलणं बरं.

की प्रोग्रॅमिंगचं बिल जपून ठेवा. चोरीच्या क्लेमला विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एकच असेल तर दुसरीचं काय झालं याचा कागद मागते. यार्डातल्या गाड्यांसाठी मोटर ट्रेडची इंटर्नल रिस्क पॉलिसी लागते. टेस्ट ड्राइव्हला बाहेर गेलेली गाडी तिच्यात येत नाही, त्यासाठी रोड रिस्क वेगळी घ्यावी लागते. आम्हाला हे एजंटने सांगितलं नव्हतं.

टेस्ट ड्राइव्हचं. लायसन्सची झेरॉक्स निरुपयोगी आहे. नंबर आणि जन्मतारीख टाकून परिवहनच्या साइटवर तपासा. यार्डातून गाडी आपला माणूस काढतो. जागा बदलताना इंजिन बंद, चावी खिशात, मग उतरायचं. पुश बटनच्या गाडीत हे जास्त महत्त्वाचं, कारण चावी गाडीबाहेर गेली तरी चालू इंजिन चालूच राहतं. परत आल्यावर त्याच चावीने गाडी लॉक-अनलॉक करून बघा. तशीच दिसणारी दुसरी चावी ठेवून खरी घेऊन जाणारे असतात. फेरीचं कारण, चालवणारा, वेळ आणि किलोमीटर यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणं तर नियमातच आहे.

रात्री आम्ही आधी १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायचो. त्यात जीपीएस ट्रॅकरही त्याच्या छोट्या बॅटरीवर जातो आणि काही तासांत गप्प होतो. आता पेट्रोल गाड्यांत फ्युएल पंपाचा फ्यूज काढतो आणि चावीच्याच पाकिटात ठेवतो. ट्रॅकर वायरिंगचा घ्या. ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावतात ती जागा) खोचलेला हाताने उपटता येतो.

कॅमेऱ्याचं राहिलं. आठ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, तीस दिवस, म्हणजे जवळपास ५.२ टीबी. ६ टीबीची डिस्क पुरते. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा, नाहीतर हेडलाइटच्या उजेडात नंबर प्लेट पांढरी दिसते. रेकॉर्डर टेबलाखाली नको. चोर तोही नेतो, आणि जुलैत पाणी भरलं तर पहिला तोच जातो.

आणि टोइंग. मुंबईत गाडी उचलून नेताना कुणीच हटकत नाही, त्यामुळे चावीचा सगळा बंदोबस्त करूनही हे दार उघडं राहतं. आमच्या वॉचमनला लेखी सांगितलंय: टोइंग व्हॅन असो की फ्लॅटबेड, सही-शिक्क्याचा गेटपास असला तरी यार्डात लिहून ठेवलेल्या आमच्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. फाटकाला लागून सर्वात जुनी गाडी आडवी उभी करतो, गिअरमध्ये, स्टिअरिंग लॉक करून. तिची चावी वॉचमनकडे नसते.