मांडीतला स्प्लिंटर आणि हरवलेली नोंद

आज एका सुभेदार काकांचा बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला (मराठा लाइट इन्फंट्रीच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पाठवायचा अर्ज तयार केला. १९७१ ची जखम. एक्स-रेत मांडीतला स्प्लिंटर (स्फोटातला धातूचा तुकडा) हरभऱ्याएवढा स्वच्छ दिसतो. पण पराक्रम पदकासाठी, म्हणजे लढाईत जखमी झालेल्या सैनिकाच्या पदकासाठी, तेवढं पुरत नाही. जखम शत्रूच्या थेट कारवाईतच झाली, हे कागदावर लागतं. पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या सेवेतल्या घटना नोंदवणारा लष्करी आदेश) ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची, म्हणजे लढाईत जखमी झाल्याची, नोंद नसली की घोडं अडलंच. म्हणून आधी माहिती अधिकारात सर्व्हिस रेकॉर्ड आणि हॉस्पिटलचे कागद मागवा. ते नष्ट झाले असतील, तर युनिटची वॉर डायरी (युद्धकाळातली रोजची नोंदवही) आणि प्लाटूनमधल्या सोबत्याचं प्रतिज्ञापत्र. सोबती आता पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत, प्रतिज्ञापत्राला उशीर नकोच! वॉर इंज्युरी पेन्शनचा अर्ज वेगळा करा; उशिरा ट्रिब्युनलमध्ये (सशस्त्र दल न्यायाधिकरणात) गेलं की थकबाकी बहुधा मागच्या ३ वर्षांचीच मिळते.