चावी सोडली की इंजिन बंद: डस्टरच्या वायरिंगचा माझा अनुभव

आम्ही मिशिगनला राहतो, डेट्रॉइटजवळ. इथे उन्हाळा आला की गल्लीगल्लीतून जुन्या मसल कार (मोठ्या इंजिनाच्या दमदार अमेरिकन गाड्या) बाहेर पडतात आणि ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला तर जत्राच भरते. माझी १९७१ ची प्लिमथ डस्टर, ३१८ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, जास्त ताकदीचं ३४० नाही म्हणून तर खिशाला परवडली. क्रूझच्या तोंडावरच बाईसाहेबांनी नखरे सुरू केले. सेल्फ मारला की इंजिन मस्त पकडायचं आणि चावी सोडली रे सोडली की मान टाकायचं.

हे लक्षण माहिती असलेला माणूस सरळ बॅलास्ट रेझिस्टरकडे बोट दाखवतो. पॉइंटवाल्या गाडीत (आपल्याकडे जुन्या स्कूटरला सीबी पॉइंट असायचे ना, तेच) ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला सतत पूर्ण १२ व्होल्ट दिले तर पॉइंट जळतात, म्हणून इंजिन चालू असताना करंट या रेझिस्टरमधून कमी होऊन जातो. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दबलेली असते, तेव्हा वेगळी तपकिरी वायर थेट कॉइलला पुरवठा करते. म्हणजे स्टार्टची लाइन ठीक, रनची गेली. फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) तो पांढरा चिनीमातीचा तुकडा काढून मागून बघितला तर आतल्या तारेचा एक वेढा जळून तुटलेला, नख लावलं तर भुगा हातात आला. स्वस्तातला पार्ट आहे, जुनेजाणते लोक एक जास्तीचा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतातच.

गाडी चालू झाली. बायको म्हणाली झालं ना आता, या जेवायला. पण मला चैन पडेना कारण रेस केलं की हेडलाइट जरा जास्तच फटफटीत दिसत होते. बॅटरीला मल्टीमीटर लावला तर १५.३ व्होल्ट! १४ च्या आसपास हवं, इथे बॅटरी अक्षरशः उकळायची वेळ. कोणीही म्हणेल चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला, बदलून टाक. शेजारी एक आजोबा आहेत, जन्म गाड्यांच्या कारखान्यात गेलेला, ते म्हणाले पैसे नंतर घाल, आधी व्होल्टेज कुठे गळतंय ते शोध.

मग चावी ऑन, इंजिन बंद, मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी रेग्युलेटरच्या निळ्या वायरला. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, मला १.४ दिसला. म्हणजे रेग्युलेटर बिचारा बरोबरच होता, त्याच्यापर्यंत कमी व्होल्ट पोचत होते म्हणून तो अल्टरनेटरला (वीज बनवणाऱ्या जनित्राला) अजून दे अजून दे म्हणत होता.

गळती निघाली फायरवॉलमधल्या मोठ्या कनेक्टरमध्ये. या गाड्यांत अल्टरनेटरचा सगळा करंट त्यातून डॅशवरच्या अ‍ॅमीटरला (करंट दाखवणाऱ्या काट्याला) जातो आणि परत त्यातूनच बाहेर येतो, पन्नास वर्षं हे चालल्यावर काय होणार. बॅटरीची केबल काढून तो उघडला, लाल जाड वायरीच्या भोवतीचं प्लास्टिक करपून चॉकलेटी झालेलं आणि बाकीच्या पात्यांवर हिरवा कळंक. पाती घासली, ढिले टर्मिनल नवे क्रिंप केले, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं. शिवाय अल्टरनेटरपासून स्टार्टर रिलेपर्यंत ८ गेजची वेगळी वायर टाकली, रिलेच्या बाजूला १२ गेजचं फ्युजिबल लिंक (करंट जास्त झाला की फ्यूजसारखा वितळणारा बारीक वायरचा तुकडा) लावून, ते न लावता ही वायर टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. आता अ‍ॅमीटरचा काटा जेमतेम हलतो, म्हणून डॅशखाली छोटा व्होल्टमीटर बसवलाय. रेग्युलेटरच्या स्क्रूखालचा रंगही खरवडला, त्याची अर्थिंग बॉडीतूनच होते. आता १४.२ स्थिर.

राहिले पॉइंट: त्यांचा ड्वेल, म्हणजे ते मिटलेले राहतात तो कोन, ३० ते ३५ अंशांत हवा, मी ३२ वर लावला. मित्र म्हणतात पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट टाक, कटकट मिटेल. मिटेलही, पण फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घेऊन पॉइंट लावण्यात मला मजा येते आणि रस्त्यात बंद पडली तर स्क्रूड्रायव्हरवर भागतं. आधीच्या मालकाने स्टिरिओसाठी डॅशखाली घुसवलेल्या वायरींचा गुंता मात्र अजून तसाच आहे, तो हिवाळ्यात, गॅरेजमध्ये हीटर लावून.