कार्नफर्थ शेड, जानेवारी १९६८ : लेआउटची प्रगती, भाग ७

इंग्लंडमधल्या कार्नफर्थच्या इंजिन शेडचं, जानेवारी १९६८ मधलं, छोटं मॉडेल मी करतोय. मागच्या भागात त्यातलं डी३१८ हे डिझेल इंजिन ‘झालं’ असं जाहीर केलं होतं. शब्द मागे घेतो. भर पावसात वार्निश फवारलं आणि सकाळी हिरवी बॉडी पीठ चोळल्यासारखी पांढरट! सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून. आता मात्र जमलंय.

फोटो बघून एका दोस्ताने विचारलं, डिझेलला पाण्याची टाकी कशाला? मला या इंजिनात आवडतं ते नेमकं हेच. ब्रिटिश रेल्वेने १९५५ च्या योजनेत वाफेला निरोप द्यायचं ठरवलं, पण डबे थंडीत गरम व्हायचे ते वाफेवरच. म्हणून इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या या २,००० अश्वशक्तीच्या ‘टाइप ४’ डिझेल इंजिनाच्या पोटात बॉयलर बसवला. त्याला पाणी हवं, म्हणून खाली स्कूप, म्हणजे पाणी उचलणारं पळीसारखं तोंड. कार्नफर्थच्या दक्षिणेला हेस्ट बँकला रुळांच्या मधोमध पाण्याचे लांब हौद होते. गाडी न थांबवता त्यातून पाणी उचलायचं, थेट वाफेच्या इंजिनासारखं. तो स्कूप मी पितळी पत्र्याचा केलाय. रुळावर ठेवल्यावर तो कुणालाही दिसणार नाही. असू दे.

डब्यांच्या सांध्यातून गळणारी वाफ कापूस पिंजून लावली. पहिल्या प्रयत्नात डब्याखाली मेंढी अडकल्यासारखी वाटत होती. आता चिमूटभरच ठेवलाय.

तोंडावरच्या चार पांढऱ्या चकत्याही जुन्याच रिवाजातल्या : वाफेच्या इंजिनावर दिवे जसे गाडीचा दर्जा सांगत, तशाच. पिवळा पट्टा मात्र नवा. वाफेचे ढग नाहीत, धाप नाही, मग रुळावरच्या कामगारांना इंजिन निदान लांबून दिसावं यासाठी. आणि नंबरातला डिझेलचा ‘डी’ विसरू नका. वाफेची इंजिनं संपल्यावर, ऑगस्ट १९६८ नंतर, तो गाळायला लागले. माझ्या जानेवारीत तो हवाच.

शेजारच्या ब्लॅक फाइव्ह या वाफेच्या इंजिनावर पेस्टल खडूची पूड आणि काजळी. नंबरप्लेट काढून टाकलीय, आकडे ब्रशने वेडेवाकडे रंगवलेत. शेवटी शेवटी बरीच इंजिनं अशीच फिरत होती.

अडचण एकच. १:७६ या प्रमाणात डी३१८ भरतं जवळजवळ २८ सेंमी, आणि एकेका बोगीला (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याला) चार आसं. शेडकडच्या वळणावर पुढची छोटी चाकं दर दोन फेऱ्यांना एकदा उतरतात. त्यांच्यावर शिशाचं वजन लावून बघितलं, फरक नाही. या रविवारी वळणच उखडतोय.