दहावीच्या निकालापासूनच कागदपत्रे : भिवापूर तालुका ते नागपूर, माझा अनुभव

नागपूरच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांसाठी मदत कक्ष आहेत, वंचित घटकांतील विद्यार्थ्यांसाठी समान संधी केंद्रे आहेत, पालक-शिक्षक म्हणजे विद्यार्थ्यांच्या एकेका गटाकडे लक्ष देणारे प्राध्यापक नेमलेले असतात, आणि या सगळ्यांचा मला पुष्कळ उपयोग झाला आहे. तरीही नागपूर जिल्ह्याच्याच भिवापूर तालुक्यातील एका लहान गावातून येऊन बी. फार्म.च्या वरच्या वर्गात पोहोचल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की ही मदत खेड्यातल्या मुलामुलींपर्यंत फार उशिरा पोहोचते. मदत कक्षाचे काम प्रवेशाच्या दिवसांत सुरू होते. आम्हाला त्याची गरज दहावीचा निकाल लागतो तेव्हापासून असते. या दोन वर्षांत काय काय करावे लागते आणि ते वेळेत झाले नाही तर कुठे अडते, हे मी ज्या क्रमाने अनुभवले त्याच क्रमाने लिहिते आहे.

आमचे कुटुंब इतर मागास वर्गातले, शेती थोडी आणि कोरडवाहू. जात प्रमाणपत्र उमरेडच्या उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळाले होते. बारावीत गेल्यावर शिक्षकांनी सांगितले, की व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसते जात प्रमाणपत्र पुरत नाही, ते पडताळणी समितीने तपासून दिलेले जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी इतर मागास वर्गातील अर्जदाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, वडिलांकडच्या पूर्वजाचा, जातीची आणि राहण्याच्या ठिकाणाची नोंद असलेला पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा शाळेत गेले त्यांच्यासाठी ही सोपी गोष्ट आहे, कारण शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा काढला की काम होते. माझे आजोबा शाळेची पायरी चढलेच नव्हते.

विदर्भात अशा वेळी दोन ठिकाणी शोध घेता येतो. एक म्हणजे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील कोतवाल पंजी, जिच्यात गावातील जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, आणि दुसरे म्हणजे जमिनीच्या जुन्या अधिकार अभिलेखाची नक्कल. वडील आणि मी दोन्हींच्या मागे लागलो. नक्कल मिळण्यासाठी पूर्वजाचे नाव आणि सन अंदाजाने का होईना सांगावे लागते, आणि आमच्या घरात आजोबांच्या जन्माचे साल कोणालाच ठाऊक नव्हते. मोठ्या आत्याने "मोठ्या पुराच्या आधीचा" एवढेच सांगितले. शेवटी कोतवाल पंजीत वडिलांच्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद सापडली, तिच्यात आजोबांचे नाव आणि जात दोन्ही स्पष्ट होते. नोंदीतले आजोबांचे नाव आणि सात-बारावरचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता, त्यासाठी वेगळे शपथपत्र करावे लागले. दरम्यान वडिलांच्या एका चुलत भावाकडे वैधता प्रमाणपत्र असल्याचे कळले, आणि रक्ताच्या नात्यातील वडिलांकडच्या माणसाची वैधता हा फार भक्कम आधार ठरतो. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते, तर आम्ही सुरुवातच त्या काकांच्या घरून केली असती.

वंशावळीचे शपथपत्र (नमुना ३), कागदपत्रे खरी असल्याचे शपथपत्र (नमुना १७), तिथे शिकत असल्याचे कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे १५-अ प्रमाणपत्र, हे सारे जोडून ऑनलाइन अर्ज भरला आणि त्याची प्रत जिल्हा पडताळणी समितीकडे दिली. शिक्षणासाठी शहरात जाण्याआधीच मी त्या शहराच्या सरकारी इमारतींशी अशी ओळख करून घेतली. प्रमाणपत्र सीईटी या प्रवेश परीक्षेच्या आधी हाती आले, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट होती. केवळ अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश घेणारी आणि मुदतीत प्रमाणपत्र न आल्यामुळे राखीव जागा गमावण्याच्या भीतीत पहिले सत्र काढणारी मुले मी नंतर वर्गात पाहिली. त्यांतली बहुतेक आमच्यासारख्याच गावांतली होती.

येथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण "सगळे कागद लवकर काढा" एवढाच सल्ला अपुरा आहे. वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र आणि जुन्या नोंदींच्या नकला जितक्या लवकर निघतील तितक्या चांगल्या. परंतु उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र (कुटुंब सधन गटात मोडत नाही याचे) यांची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते. मार्चअखेर संपणारे नॉन-क्रिमिलेयर काढून निश्चिंत बसलेल्या विद्यार्थ्याला जुलैत सुविधा केंद्रावर कागदांची तपासणी होते तेव्हा ते चालत नाही असे कळते, कारण प्रवेशासाठी पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले प्रमाणपत्र मागतात. म्हणून हे दोन कागद एप्रिल उजाडला की लगेच, परीक्षा संपवून, हाती घ्यावेत. मला हे उमरेडला एका वर्षाने पुढे असलेल्या मुलीने सांगितले. तोवर मी वाचलेल्या कोणत्याही माहितीपत्रकात हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले नव्हते.

महाज्योती या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे, आणि इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलांना ती सीईटी, जेईई व नीट यांचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेटही देते. मात्र त्यासाठी अर्ज दहावीनंतर करायचा असतो. माझ्या वर्गातील एका मुलीला तिच्या शाळेतील शिक्षिकेने ते सांगितले म्हणून तिला टॅब मिळाला; माझ्या शाळेत ही माहिती पोहोचली तेव्हा त्या वर्षीचे अर्ज बंद झाले होते. आम्ही दोघी सारख्याच परिस्थितीतल्या होतो. फरक पडला तो एका शिक्षिकेमुळे, आणि इतकी मोठी गोष्ट एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक तळमळीवर सोडून देणे मला मुळीच पटत नाही.

२०२४ मध्ये सीईटी देऊन मी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून नागपुरातील एका महाविद्यालयात आले. त्याच वर्षी ८ जुलैच्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शुल्कमाफी मिळाली होती. गावात त्याचा अर्थ "मुलींचे शिक्षण फुकट झाले" असा झाला होता. मदत कक्षातील सरांनी वडिलांना समोर बसवून, कागदावर लिहून समजावले, की माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे, केंद्रीय प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच आहे, आणि इतर शुल्क आपल्यालाच भरावे लागेल. ते किती, हेही त्यांनी त्याच कागदावर लिहिले. वडिलांनी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. घरी आई, काका आणि आजी यांना तो दाखवूनच माझ्या शिक्षणाचा निर्णय पक्का झाला. ती पाच-दहा मिनिटे आणि तो कागद यांचे मोल मला कोणत्याही रंगीत माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त वाटते.

त्यानंतरची खरी अडचण राहण्याची होती. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आमच्या इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्यात नागपूरसारख्या शहरासाठी वर्षाला भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे मिळून ६०,००० रुपये ठरलेले आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् या योजना त्याच धर्तीवर आहेत. पण खोलीचे भाडे आणि अनामत जुलै-ऑगस्टमध्येच द्यावी लागते, योजनेची रक्कम मात्र अर्ज, तपासणी आणि मंजुरीनंतर येते. हे मधले महिने कसे काढायचे, यावरच खेड्यातल्या मुलीचे शिक्षण टिकते किंवा तुटते. मी कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम केले, आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागत असल्यामुळे घरून धान्य आणि डाळ आणणे परवडले.

महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा माझा अर्ज मंजूर झाला, तरी पैसे आले नाहीत. शाळेत असताना उघडलेले एक खाते, नंतर गावात उघडलेले दुसरे, आणि नागपुरात उघडलेले तिसरे, यांपैकी आधारशी शेवटी जोडलेले खाते कोणते यावर थेट लाभाची रक्कम कुठे जाते हे ठरते; अर्जात कोणता खातेक्रमांक लिहिला यावर नाही. शाळेच्या वेळचे खाते केवायसीअभावी निष्क्रिय झाले होते आणि आधार अजून त्यालाच जोडलेले होते. नागपूरच्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज नव्याने दिल्यावर तो प्रश्न सुटला. समान संधी केंद्रातील समन्वयक मॅडम आता पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्या विद्यार्थ्याची आधार जोडणी मोबाइलवर तपासून पाहतात, आणि हे काम त्या इतक्या मनापासून करतात की मुले आपणहून रांग लावतात.

अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगते. बारावीपर्यंत मराठीत शिकल्यावर औषधशास्त्र एकदम इंग्रजीत समोर आले, तेव्हा पालक-शिक्षकांनी घेतलेल्या जादा तासांनी आणि वरच्या वर्गातील मुलींच्या वह्यांनी मला सावरले. मन खचलेल्या एका मैत्रिणीला १४४१६ या टेलि-मानस क्रमांकाची माहिती देणारेही तेच सर होते.

दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर आमच्याच भागातील एका गावात ठरले. श्रमदान आणि आरोग्य तपासणी तर असतेच. मी कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती केली, की संध्याकाळचे तास नववी ते बारावीच्या मुलांच्या कागदपत्रांसाठी द्यावेत. तो हंगाम मिरचीचा होता. गावातील बहुतेक बाया दिवसभर सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या जागेवर, मिरचीचे देठ खुडायला जात, म्हणून सभा शाळेत दुपारी न घेता अंधार पडल्यावर समाजमंदिरात घेतली. खुडलेल्या मिरचीने बोटे झोंबत असतानाही त्या मुलींच्या आया शेवटपर्यंत बसल्या. एका आजोबांनी विचारले, "आतापासूनच कायले काढाचे कागदं, पोरी? पह्यले पास तं होऊ दे." मी माझी स्वतःची फाइल उघडली आणि कोतवाल पंजीची नक्कल, वंशावळ, वैधता प्रमाणपत्र, एकेक कागद त्यांच्या हातात देत प्रत्येकाला किती काळ लागला ते सांगितले. भाषणाने जे झाले नसते ते त्या फाइलने झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच आजोबा नातवाला आणि जुने सात-बारे घेऊन आले.

आमच्या विद्यापीठाची स्थापना १९२३ ची, आणि २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, ज्यांनी आयुष्यभर खेड्यांसाठीच काम केले. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजना पथकांची गावे ठरलेली असतात, शिबिरे होतच असतात. त्यांतल्या दोन दिवसांची संध्याकाळ या कामाला देण्यासाठी नवा निधी किंवा नवी यंत्रणा लागत नाही. लागतात ती त्याच तालुक्यातून शिकायला गेलेली दोन-तीन मुले आणि त्यांच्या फाइली.

शिबिरात नोंद केलेल्या अकरावीच्या मुलांची यादी मी गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांकडे आणि आमच्या समान संधी केंद्राकडे दिली आहे. ज्यांच्या नात्यात कोणाचीच वैधता नाही अशा मुलांची नावे वेगळी लिहिली आहेत, कारण त्यांच्या नकलांचा शोध आधी सुरू करावा लागेल. एप्रिलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी आम्ही पुन्हा त्या गावात जाणार आहोत, आणि या वेळी शेजारच्या दोन गावांतील शाळांनीही बोलावले आहे.