तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या सिनेमाला तिकीट का नाही?

झाडीपट्टीतल्या माणसाने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. धानाची मळणी आटोपली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत यांच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात, वडसा गावच्या नाटक कंपन्या गावोगाव पोहोचतात आणि रोजमजुरी करणारा माणूसही तिकीट काढून पहाटेपर्यंत मंडपात बसतो. मग आमच्या सांस्कृतिक भवनात दर महिन्याला दाखवला जाणारा सिनेमा फुकट का, असे मला नेहमी विचारले जाते.

नाटकाला तिकीट असायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे, कारण नट, वादक, पडदे रंगवणारे आणि मंडप उभारणारे यांची घरे त्या पैशावर चालतात. शिवाय आपण काय पाहायला चाललो आहोत, हे तिथल्या प्रेक्षकाला ठाऊक असते. आम्ही दाखवतो त्या सिनेमाचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते. अनोळखी गोष्टीसाठी पैसे मोजायचे म्हटले की घरात हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबात आधी म्हातारी सासू गळते, मग सून गळते, मग लहान मुलगी. शेवटी दाराशी उरतात ते घरातले पुरुष आणि कॉलेजात जाणारा मुलगा. मला या गळणाऱ्या माणसांसाठीच पडदा लावायचा आहे.

दुसरे कारण वेळेचे आहे. सून येते ती भांडी आवरून, म्हणजे बऱ्याचदा सिनेमा अर्ध्यावर आल्यावर, आणि मूल रडू लागले की मध्येच उठून जाते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडलेली आणि नंतर बसून पुडके बांधलेली माणसे रात्री फार काळ डोळे उघडे ठेवू शकत नाहीत. ती तासभर बसतात, घरी जातात आणि शेवट काय झाला हे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला विचारतात. तिकीट काढले असते तर असा तुकड्या-तुकड्यांनी सिनेमा पाहायला ती आलीच नसती, आणि तुकड्याने पाहिलेला सिनेमाही माणसाच्या मनात काम करतो, हे मी त्यांच्याच बोलण्यातून ऐकत आलो आहे. पावसाळ्यात मात्र टिनाच्या छपरावर सरी कोसळू लागल्या की संवाद कोणालाच ऐकू येत नाहीत, आणि तेव्हा थांबून राहण्याखेरीज इलाज नसतो.

फुकट म्हणजे परवानगीशिवाय, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या नाट्यप्रयोगाला सूट आहे. चित्रपटाला ती सूट नाही. घरी मोबाईलवर पाहण्यासाठी भरलेल्या पैशांतून तो गावाला दाखवण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून आम्ही निर्मात्यांना पत्र लिहितो, आणि लहान निर्माते अनेकदा आनंदाने होकार देतात. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ दाखवताना कोणाकडे शब्द टाकावा लागत नाही.

सर्वांत मोलाचे घडते ते दिवे लागल्यानंतर. पैसे देऊन आलेला माणूस पैसे वसूल झाले की नाही ते ठरवून निघून जातो; इथे आलेला माणूस बसून राहतो. एका सिनेमात बाप मुलीच्या शिक्षणासाठी बांधी, म्हणजे धानाचे शेत, विकतो, तेव्हा आमच्याकडच्या एका आजींनी तो निर्णय चुकीचा ठरवला, तिच्या नातीने भरसभेत तिला उत्तर दिले, आणि पाहता पाहता सगळे भवन जमीन आणि लेकीचा हक्क यांवर बोलू लागले. घरात ज्या विषयाला कोणी हात घालत नाही, तो पडद्यावरच्या परक्या कुटुंबाच्या आडून निघतो.

वीज, प्रोजेक्टरची दुरुस्ती आणि जनरेटरचे डिझेल यांना पैसे लागतातच. ते आम्ही मळणीनंतर घरोघरी फिरून, ज्याला जमेल त्याच्याकडून वर्गणी म्हणून घेतो, कोणी धान दिले तर धान घेतो. पण सिनेमाच्या दिवशी दारात पेटी ठेवत नाही, कारण पेटी दिसली की रिकाम्या हाताने आलेली बाई बाहेरूनच परत फिरते.