सामुदायिक विवाहातला तेरा नंबर

सामुदायिक विवाहात जोडपी किती, यापेक्षा सगळे अंतरपाट एकाच क्षणी खाली येतात ही फोटोग्राफरची खरी डोकेदुखी. या खेपेला गोरज मुहूर्त, एकवीस जोडपी, तीन रांगा आणि कॅमेरेवाले आम्ही दोघं. त्यात आयोजकांनी दिलेल्या साड्या सगळ्या हिरव्या, फेटे सगळे भगवे, वरून मुंडावळ्या. नंतर कॉम्प्युटरवर फोटो उघडले की कोण कुठलं हे नवरीच्या आईलाही चटकन सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक जोडप्याच्या पहिल्या फोटोत नवरदेवाच्या हातात नंबराचा कागद हवाच; ए-फोर कागदावर जाड मार्करनं लिहिलेला. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची आणि खात्रीसाठी दोन्हींतून एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवायचा. मग फायली वेळेनुसार लावल्या की नंबर आपोआप सुटतात.

मांडव लाल-पिवळा. अशा छताकडे फ्लॅश वळवला तर चेहऱ्यावर लालच उजेड परततो. त्यात निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) कितीही फिरवा, कातडीचा रंग येत नाही. जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ बांबूला तिरकी बांधली आणि फ्लॅश तिच्यावर मारला. पूर्ण ताकदीवर मारला तर चार्ज व्हायला तीनेक सेकंद लागतात, तेवढ्यात हार गळ्यात पडलेला असतो. म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० वर आणि फ्लॅश पाव ताकदीवर. मागे एलईडी वॉल. शटरचा वेग वाढवला की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातले साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० सेकंदावर ठेवलं की दिवेही सांभाळले जातात आणि वॉलही बऱ्यापैकी गप्प बसते. एलईडी वॉलला पैसे असतात, फोटोग्राफरला उभं राहायला दोन फुटांची फळी मागितली की मात्र बजेट संपतं.

शेवटच्या ‘सावधान’नंतरचे काही सेकंद कामाचे नसतातच. अक्षता आमच्या डोक्यावरून येतात, लेन्सजवळच्या दाण्यांवर फ्लॅश पडून फोटोत पांढरे गोल उठतात, फोकस डोळा सोडून तांदळाला धरतो. ते जाऊ द्यायचे आणि हारांवर थांबायचं.

तेरा नंबरचे हार पडले तेव्हा नवरीचे मामा मोबाइल उंच धरून मध्ये उभे. माझ्या सगळ्या फोटोंत नवरीच्या तोंडावर मोबाइल. जोडीदाराचा कॅमेरा तेव्हा मागच्या रांगेवर होता.

एरवी हे चाललं असतं. पण विवाहनोंदणीला लग्नपत्रिकेबरोबर लग्नातला फोटो लागतो. राज्याच्या १९९८ च्या कायद्याखाली गावात नोंदणी ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) असते, आणि त्यांना हार घातलेले दोन्ही चेहरे स्वच्छ हवे होते. आयोजकांचा कार्यकर्ता आला. म्हणाला, “भाऊ, तिचा दुसरा फोटो आहे ना? एआयनं चेहरा चिकटवा की. पोरं मोबाइलवर करतात आता.”

करता आलं असतं. उजेडाची दिशा जुळवायची, मुंडावळ्यांची सावली कपाळावर परत आणायची, कडा मऊ करायच्या. अर्ध्या तासाचं काम. पण तो फोटो सरकारी कागदाला लागणार होता. मी नाही म्हटलं आणि जोडप्याला स्टुडिओत बोलावलं.

साडी तीच आणली, हार स्टँडवरच्या फुलवाल्याकडून. फेटे भाड्याचे, परत गेलेले. माझ्याकडे होता तो गुलाबी. सोबत आजी होत्या, त्यांनी ठणकावलं, “हार एकदाच घालायचे असतात, दादा. परत घालायचं नाव काढू नका.” मग दोघांनी स्वतःचे हार स्वतःच्याच हातानं गळ्यात अडकवले आणि शेजारी उभे राहिले. मुंडावळ्या भुवयांच्या वर घेतल्या, फ्लॅशला छत्री लावून डावीकडे, मागे साधा करडा पडदा. फोटो उत्तम आला आणि नोंदणीला चाललाही.

जोडीदार मात्र ऐकेना. “दादा, चिकटवलेल्या फोटोत मांडव खरा असता, हार खरे, दिवस खरा, चेहराही तिचाच. तुमच्या फोटोत फेटासुद्धा त्या दिवशीचा नाही. मग खोटा कुठला?” मी म्हटलं, माझ्या फोटोत जे दिसतं ते कॅमेऱ्यासमोर घडलंय. तो हसला. प्रत्येक लग्नात आम्हीच ओरडतो, “हार परत एकदा, इकडे बघा!” आणि ते अल्बममध्ये लग्न म्हणूनच जातं. तिथं आजपर्यंत कुणी हरकत घेतलेली नाही, मीही नाही.

स्टुडिओतल्या फाइलला ‘१३-नोंदणी’ असं नाव देऊन ती वेगळी ठेवली आहे. अल्बममध्ये मोबाइलवाल्या मामांचाच फोटो लावला. नवरीनं तोच मागितला.