किडा दाखवायचा कसा?

"पाठीवर थर्माकोल बांधून काय करालास रे? अंथरुणातनं उठता येत न्हाई, तेवढंच कर की!"

टिळकवाडीत भाच्याच्या नाटकाची तालीम. काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस' कथेतला, एका सकाळी किडा होऊन उठणारा ग्रेगर. रंगभूषेचे काका चहा फुंकत एवढंच बोलले. पोरगं खट्टू. दोन रात्री जागून सहा पाय चिकटवले होते (एक तालमीतच गळाला).

घरी येताना आठवलं, या कथेच्या मुखपृष्ठावर किडा काढू नका, असं १९१५ मध्ये खुद्द काफ्कानंच प्रकाशकाला कळवलं होतं. मग चित्रकार ओटोमार स्टार्केनं काढलं काय, तर अर्धवट उघडं दार आणि तोंड झाकलेला माणूस. १९६९ मध्ये ब्रिटिश नाटककार-नट स्टीव्हन बर्कॉफनंही रंगमंचावर किड्याचा पोशाख न घालता नुसत्या अंगाच्या हालचालींवर भागवलं.

काकांनी काफ्का वाचलेला नाही. मग त्यांना हे कुठनं कळलं?